परदेशी तुरुंगातून माणूस सुटतो कसा?

सिरोंचाहून नदी ओलांडली की तेलंगणा. पलीकडच्या करीमनगर, जगित्याल, निजामाबाद भागातून आखातात कामाला जाणारी माणसं हजारोंनी आहेत, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतलाही कुणी त्या वाटेला लागू शकतो. तिकडे अटक झाल्याचा फोन आला, की घरचे पोलीस ठाणं, आमदार, जिल्हाधिकारी कार्यालय अशा चकरा सुरू करतात. काही गैरसमजांपायी या धावपळीत मोलाचे पहिले दिवस हातचे जातात.

'दूतावासाने मनावर घेतलं तर लगेच सोडवतील,' हा त्यातला सर्वांत पक्का समज. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ दूतावासाला कैद्याला भेटण्याचा, पत्रव्यवहाराचा आणि वकील मिळवून देण्याचा अधिकार देतं. तिथल्या न्यायालयाचा निकाल फिरवण्याचा अधिकार त्यात नाही. शिवाय दूतावासाला अटकेची खबर कैद्याने मागणी केली तरच देणं बंधनकारक असतं. म्हणून कैद्याशी बोलणं झालंच, तर पहिलं वाक्य हेच हवं: 'भारतीय दूतावासाला कळवा, असं लेखी माग.'

'हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुलभूषण जाधवांना निर्दोष ठरवलं,' असं हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या या भारतीयाबद्दल अनेक जण छातीठोक सांगतात. नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर भारताची बाजू लढवली, याचा विदर्भाला रास्त अभिमान आहे. पण १७ जुलै २०१९ चा तो १५ विरुद्ध १ असा निकाल नीट वाचला पाहिजे. पाकिस्तानने कलम ३६ मोडलं, फाशी थांबवून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, असं न्यायालय म्हणालं. सुटकेची मागणी मात्र फेटाळली. त्याआधी, २५ डिसेंबर २०१७ ला, इस्लामाबादेत आई आणि पत्नीची जाधवांशी भेट झाली ती काचेच्या आडून. आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही, मंगळसूत्र आणि टिकली काढायला लावली, असं परराष्ट्र मंत्रालयानेच सांगितलं. हे वाचून आजही जीव तुटतो.

मग सुटकेसाठी इथे चालवलेल्या मोहिमेचा उपयोग काय? मुंबईच्या हमीद अन्सारीचं प्रकरण त्यासाठी समजून घ्यावं. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो अफगाणिस्तानातून विनापरवाना पाकिस्तानात शिरला आणि कोहाटमध्ये पकडला गेला. पुढे तीन वर्षं तो कुठे आहे हे आईला कुणी सांगेना. मुंबईचे पत्रकार जतीन देसाई आणि सीमेपलीकडचे वकील, पत्रकार तिच्या मदतीला उभे राहिले. लाहोरची तरुण पत्रकार झीनत शहजादी याच पाठपुराव्यात असताना ऑगस्ट २०१५ मध्ये बेपत्ता झाली, ती दोन वर्षांनी सापडली. पेशावर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असा अर्ज लढवला गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये पाकिस्तान सरकारला कबूल करावं लागलं की हमीद लष्कराच्या ताब्यात आहे. लष्करी न्यायालयाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा भोगून १८ डिसेंबर २०१८ ला तो अटारीमार्गे घरी आला. मोहिमेने शिक्षा टळली नाही, पण बेपत्ता माणूस कागदावर आला. माझ्या मते मोहिमेची खरी कमाई हीच. इथल्या मोर्च्याने दिल्ली जागी होते, पण तिथल्या कोर्टात उभा राहणारा तिथलाच वकील लागतो.

'उरलेली शिक्षा भारतात म्हणजे सुटकाच,' हाही चुकीचा हिशेब. २००३ च्या कैदी हस्तांतरण कायद्यानुसार दोन्ही देशांची आणि कैद्याची संमती लागते, आणि इथे येऊनही तुरुंगातच राहावं लागतं.

आपल्या भागात सर्वांत घातक समज वेगळाच आहे: 'व्हिजिट व्हिसावर जा, काम तिथे मिळेल.' त्या व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा ठरतं. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे 'स्थलांतर तपासणी आवश्यक', असा शेरा असतो आणि आखातासह १८ देशांत कामाला जायला त्याला परवानगी लागते. एजंट व्हिजिट व्हिसा काढून देतो तो हीच तपासणी चुकवायला.

अटक झालीच, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर त्याच दिवशी तक्रार नोंदवा. पासपोर्टची प्रत, व्हिसा, मालकाचं नाव आणि शेवटचा फोन कुठून आला ते जोडा. गरजूंना वकिलासाठी किंवा किरकोळ दंडासाठी दूतावासाच्या समुदाय कल्याण निधीतून मदत मिळू शकते. ती मागावी लागते, तीही लेखी.