बोटांचा लातूर पॅटर्न!

गिटार घेतली. पहिल्या पगारातून म्हणा, दिवाळीच्या बोनसमधून म्हणा. चार कॉर्ड्स जमल्या, दोन गाणी बसली, गच्चीवरच्या पार्टीत भावही खाऊन झाला. मग एक दिवस आवडत्या गाण्यातला सोलो वाजवायला घेतला आणि कळलं, की आपली बोटं आपलं ऐकतच नाहीत! सूर डोक्यात धावताहेत, तर्जनी कशीबशी जागेवर पोहोचतेय आणि करंगळी भलतीकडेच हवेत. बहुतेकांची गिटार इथूनच कपाटावर जाते आणि तिथेच धूळ खात बसते.

तर फ्रेंड्स, स्पीड ही काही देवाची देणगी नाही. तो सरावाचा हिशोब आहे. आणि सरावाचा हिशोब लातूर-नांदेडकरांना कुणी शिकवायचा? राजर्षी शाहू महाविद्यालयातून राज्यभर गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ आठवा. पोर्शन लवकर संपवायचा आणि मग टेस्टवर टेस्ट. चुकलं कुठे ते शोधायचं आणि तेवढंच पुन्हा सोडवायचं. त्या कॉलेजचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे १९९४मध्ये सुरू झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे या पॅटर्नवर दोन्ही शहरांचा हक्क आहे. बारावीला जो डोक्यासाठी वापरला, तोच आता बोटांसाठी वापरायचा!

आधी बोटांची कुंडली

आत्ताच, ऑफिसच्या टेबलावर करून बघा. पंजा पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि आता अनामिका वर उचला. उचलत नाही ना? घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या भागात असतात. तिथून दोरीसारखे स्नायुबंध बोटांपर्यंत येतात आणि हाताच्या मागच्या बाजूला ते एकमेकांशी जोडलेले असतात. म्हणून एक बोट हललं, की शेजारचंही ओढलं जातं. तेव्हा बोटांत ‘ताकद’ आणण्याच्या मागे लागू नका. प्रत्येक बोटाला स्वतंत्रपणे काम करायला शिकवायचं, एवढंच आपलं टार्गेट.

रोजची २० मिनिटं

मोबाइलमध्ये मेट्रोनोमचं अ‍ॅप घ्या. (हे यंत्र काही नवं नाही. मेल्त्सेलने त्याचं पेटंट १८१५मध्ये घेतलं होतं.) डाव्या हाताची तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३ आणि करंगळी ४. सगळ्यात जाड तार सहावी, सगळ्यात बारीक पहिली. झालं, करा सुरुवात!

वॉर्म-अप (२ मिनिटं): पाचव्या फ्रेटपासून सुरू करा, तिथे फ्रेट जवळजवळ असल्याने हात ताणला जात नाही. प्रत्येक तारेवर १-२-३-४, सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत आणि परत. मिनिटाला ६० ठोके, एका ठोक्याला एकच सूर. पिकचा स्ट्रोक एकदा खाली, एकदा वर.

चोवीसचा चार्ट (३ मिनिटं): १-२-३-४, १-२-४-३, १-३-२-४... चार बोटांचे असे बरोब्बर २४ क्रम होतात. रोज एकच घ्या. चोवीस दिवसांत सगळे होतील आणि ३-४ची जोडी आली, की आपली खरी गोची कुठे आहे ते आपोआप कळेल.

कोळी (२ मिनिटं): पहिलं बोट सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटला, दुसरं पाचव्या तारेवर सहाव्याला, तिसरं परत सहाव्या तारेवर सातव्याला, चौथं पाचव्या तारेवर आठव्याला. मग तारांची अदलाबदल. बोटं कोळ्यासारखी चालली पाहिजेत. न वाजणारं बोट तारेपासून फार उंच जाऊ देऊ नका. ते जितकं लांब जाईल, तितका परत यायला उशीर!

पलटे (५ मिनिटं): हे तर आपल्या घरचंच. पेटीच्या क्लासमधलं सारेग, रेगम, गमप आठवतंय? तेच इथे. सहाव्या तारेवर आठव्या फ्रेटला सा, दहाव्याला रे. पाचव्या तारेवर सातव्याला ग, आठव्याला म, दहाव्याला प. चौथ्या तारेवर सातव्याला ध, नवव्याला नी, दहाव्याला वरचा सा. सातव्या फ्रेटला तर्जनी, दहाव्याला करंगळी, मधली दोन बोटं मधे. चारही बोटांना काम मिळतं आणि कानही तयार होतो.

ट्रिल (३ मिनिटं): पिक बाजूला ठेवा. अनामिका दाबून धरा आणि करंगळीने हॅमर-ऑन, पुल-ऑफ करत राहा. तीस सेकंद वाजवा, तीस सेकंद विश्रांती.

शेवटची ५ मिनिटं गाण्याला. सोलोतला जो तुकडा अडतोय, तेवढाच. हा भाग स्किप करायचा नाही, नाहीतर बोटं नुसती कवायतीत हुशार होतील!

स्पीड वाढवायचा कसा?

भजनी मंडळातल्या तबलजीला विचारा. ठाय, मग दुगुन, मग चौगुन. ठेका तोच राहतो, एका मात्रेत बोल वाढतात. गिटारवरही तसंच. ६० ठोक्यांवर आधी एकेक सूर, मग दोन-दोन, मग चार-चार. सलग तीनदा स्वच्छ वाजलं, तरच मेट्रोनोम चार-पाच ठोक्यांनी वाढवा. गडबडलं, की दहाने खाली. इगो मधे आणायचा नाही!

पण फक्त हळू वाजवूनही चालत नाही, कारण वेगात हाताची हालचालच थोडी बदलते. म्हणून आठवड्यातून दोनदा चार-पाच सुरांचा छोटा तुकडा फुल स्पीडने वाजवा आणि लगेच थांबा. पुन्हा एकदा. मग हळूहळू तुकडा लांबवत न्या.

एक वही ठेवा. तारीख, व्यायाम आणि कितीवर स्वच्छ वाजलं तो आकडा. टेस्टचे मार्क्स मांडतो तसेच. महिन्याभराने मागची पानं उलटलीत, की पुढचं मोटिव्हेशन फुकट!

आणि ऑफिसातून थकून येणाऱ्यांसाठी गुड न्यूज. हार्वर्डच्या संशोधकांनी २००२मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कीबोर्डवर बोटांनी ठराविक आकडे वेगाने टाइप करायला शिकवलं. रात्रीच्या झोपेनंतर त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला, तेवढेच तास जागं राहून मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे रविवारी तीन तास ठोकण्यापेक्षा रोज जेवणानंतरची वीस मिनिटं आणि मस्त झोप!

दुखलं तर थांबा

दिवसभर माउस-कीबोर्ड, संध्याकाळी बाइकचा क्लच, रात्री गिटार. हात एकच आहे राव! सुरुवातीला बोटांची टोकं हुळहुळतात, ते नॉर्मल. पण मनगटात कळ, हाताला मुंग्या किंवा कोपरापर्यंत दुखणं, हे नॉर्मल नाही. तिथेच गिटार खाली ठेवा आणि चार दिवसांत बरं वाटलं नाही, तर डॉक्टर गाठा. याच हातावर पगारही अवलंबून आहे. मनगट सरळ ठेवा, अंगठ्याने मान आवळू नका आणि सूर वाजायला लागेल तेवढाच दाब द्या. तारा फारच उंच असतील, तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून खाली करून घ्या. उन्हाळ्यात घामाने तारा गंजतात, वाजवून झालं की पुसा.

तरीही ‘माझी बोटंच जाड आहेत’, ‘आता वय झालं’ असं वाटतंय? मग टोनी आयोमी ऐका. १९६५मध्ये, १७ वर्षांचा असताना, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली. तीही तारा दाबायच्या हाताची! तेव्हा कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. १९२८च्या आगीत हात भाजल्यानंतर जँगो मुख्यतः दोनच बोटांवर सोलो वाजवायचा. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं बनवली आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ उभा केला.

तुमच्याकडे तर दहाच्या दहा बोटं आहेत आणि लातूर पॅटर्नचा फॉर्म्युलाही. कपाटावरची गिटार खाली काढा, धूळ झटका, मेट्रोनोम साठवर लावा... पहिली टेस्ट आज रात्रीच!