ताऱ्यांची धडधड, सूर्याचा पत्ता

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास शहराच्या झगमगाटापासून दूर जाऊन दक्षिण क्षितिजाकडे पाहिले, तर नरतुरंग तारकासमूहात एक धुरकट ठिपका दिसतो. महाराष्ट्रातूनही तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हा ओमेगा सेंटॉरी, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर असलेला लक्षावधी ताऱ्यांचा गोलाकार तारकागुच्छ. आपला सूर्य आकाशगंगेत नेमका कुठे आहे, याचे उत्तर शोधायला अशाच गुच्छांनी मदत केली.

१८९० च्या दशकात हार्वर्ड वेधशाळेच्या पेरूमधील केंद्रावर सोलन बेली यांनी या गुच्छांची छायाचित्रे घेतली. काही ताऱ्यांचे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होत होते. १९०२ मध्ये त्यांनी एकट्या ओमेगा सेंटॉरीतील अशा सव्वाशेहून अधिक ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या बहुतेकांचे एक आवर्तन दिवसभराच्या आत पुरे होते. आज ते ‘आरआर लायरी’ तारे म्हणून ओळखले जातात.

हे तारे अक्षरशः फुगतात आणि आकसतात. पातेल्यात वाफ कोंडली की झाकण उचलले जाते, वाफ निसटली की खाली बसते; तसेच काहीसे इथे घडते. तारा आकसला की बाह्य थरातील हेलियम उष्णता अडवून धरतो. दाब वाढून तारा फुगतो, मग उष्णता निसटते आणि तो पुन्हा आकसतो.

समोरच्या डोंगरावरील गावाचे सगळे दिवे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. गुच्छातील ताऱ्यांचेही तसेच. एकाच गुच्छातील हे तारे सरासरीने सारखेच तेजस्वी दिसतात, म्हणजे त्यांचे मूळ तेजही सारखेच असले पाहिजे. मग एखाद्या गुच्छात ते जितके मंद दिसतील, तितका तो गुच्छ दूर.

या मोजपट्टीचाही आधार घेऊन हार्लो शॅप्ली यांनी १९१८ मध्ये ६९ गुच्छांचा नकाशा मांडला. गुच्छांची गर्दी धनू राशीच्या दिशेला होती. आकाशगंगेचे केंद्र तिकडे होते आणि सूर्य त्यापासून बराच दूर, एका बाजूला. तोवर अनेक शास्त्रज्ञ सूर्याला केंद्राजवळ मानत होते.

शॅप्ली यांचे अंतर मात्र चुकले. त्यांनी केंद्र सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षांवर ठेवले. आजचा आकडा २६ हजारांच्या आसपास आहे. ताऱ्यांमधील धूळ प्रकाश मंद करते, हे त्यांनी गृहीत धरले नव्हते. दिशा मात्र बरोबर होती.

हे तारे अतिशय वृद्ध आहेत. बहुतेकांचे वय १००० कोटी वर्षांहून अधिक. युरोपच्या ‘गाया’ उपग्रहाने २०२२ पर्यंत असे २ लाख ७० हजारांहून अधिक तारे नोंदवले. आकाशगंगेचा नकाशा आजही त्यांच्या धडधडीवरून आखला जातो.