शेतकरी कुटुंबासाठी मोबाईल फोनची निवड

ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील खडवली हे भातसा नदीकाठचे गाव मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा व वाशिंद या स्थानकांच्या दरम्यान आहे. या परिसरात खरिपात भात हे मुख्य पीक होय. भाताची लावणी, राखण व मळणी यांप्रमाणेच आता पिकाची नोंद करणे हेही शेतकऱ्याचे काम झाले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र घेऊन सातबाऱ्यासाठी नोंद करावयाची असते. ही नोंद राहून गेल्यास आधारभूत किमतीने भात विकताना अडचण येते. म्हणून स्मार्टफोनची खरेदी अवजाराच्या खरेदीप्रमाणेच काम पाहून व हिशेब करून करावी.

प्रथम रेंज पाहावी

स्थानकाजवळ रेंज चांगली मिळते म्हणून ती दूरच्या खाचरातही मिळेल असे नाही. निरनिराळ्या कंपन्यांचे सिम असलेले शेजाऱ्यांचे फोन घेऊन घरात, खळ्यावर व बांधावर बोलून पाहावे, आणि नंतरच कंपनी ठरवावी. २० जानेवारी २०११ पासून देशभर आपला क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय आहे. बँकेशी व आधारशी जोडलेला जुना क्रमांक त्यासाठी सोडण्याचे कारण नाही.

फोन कसा असावा

नोंदणी, हवामान व बँक यांच्या कामास ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि सुमारे ५,००० एमएएच क्षमतेची बॅटरी असलेला ४-जी फोन पुरेसा होतो. जाहिरातीत रॅमचे दोन आकडे एकत्र मिळवून दाखविलेले असतात. त्यांतील मूळ आकडा विचारून घ्यावा. ५-जी साठी जादा पैसे शेतावर ती सेवा पोहोचत असेल तरच द्यावेत. स्वस्त फोन बहुधा शिंतोडे सोसतात, पण चिखलपाण्यात पडल्यास टिकत नाहीत. ओल्या बोटांनी पडदाही नीट चालत नाही. लावणीच्या दिवसांत फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

घरातील वडीलधाऱ्यांस केवळ बोलण्यासाठी बटणांचा साधा फोन पुरतो. तो घेताना सिम कोणते आहे ते पाहावे. जिओची सेवा ४-जी व त्यापुढील असल्याने जुन्या २-जी फोनमध्ये तिचे सिम चालत नाही. साध्या फोनवरूनही किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विनाशुल्क मराठीतून सल्ला मिळतो.

जुना फोन घेताना

फोनवर *#०६# दाबल्यास पंधरा अंकी ओळख क्रमांक दिसतो. 'केवायएम' ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहून, जागा सोडून हा क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असल्यास तसे कळते. नवा असो वा जुना, पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रिचार्जचा हिशेब

फोनची किंमत एकदाच द्यावी लागते, रिचार्ज मात्र सतत करावा लागतो. उदाहरणार्थ, ९,००० रुपयांचा फोन तीन वर्षे टिकला तर वर्षाला ३,००० रुपये पडतात. २५० रुपयांची २८ दिवसांची योजना वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा घ्यावी लागते. तिचा खर्च ३,२५० रुपये होतो. म्हणजे तीन वर्षांत रिचार्जचा खर्च फोनच्या किमतीहूनही अधिक झाला. यास्तव योजनेच्या किमतीस दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा व मगच तुलना करावी.

रोज ठराविक डेटा देणाऱ्या योजनेत न वापरलेला डेटा मध्यरात्री वाया जातो. ज्या घरी चित्रपट वा व्हिडिओ फारसे पाहिले जात नाहीत, तेथे मोठा डेटा घेणे फुकट जाते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार कंपन्यांना केवळ बोलणे व संदेश यांचीही योजना ठेवावी लागते, आणि अशा योजनेची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. साध्या फोनसाठी तीच मागावी. दुकानदार ती आपण होऊन सांगेलच असे नाही.

क्रमांक मात्र बंद पडू देऊ नये. नव्वद दिवस वापर न झाल्यास तो बंद होऊ शकतो व पुढे दुसऱ्यास दिला जातो. अनुदानाचे व बँकेचे गुप्त संकेतांक मग परक्याच्या हाती पडतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोणत्या शिवारात कोणत्या कंपनीची रेंज मिळते याची यादी करून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी कर्ज काढून तो घेण्याची घाई करू नये. पीक पाहणीसाठी गावास नेमलेल्या सहायकाची मदत मुदतीच्या आत घ्यावी, आणि नोंद झाल्याची खात्री सातबारा पाहून करावी.