आधी खोली ऐका, मग कार्ड घ्या

भिवंडीत साउंड कार्ड घ्यायचं तर पहिली चाचणी कॉम्प्युटर बंद ठेवूनच करावी. पद्मानगर, कामतघरसारख्या भागांत घर आणि कारखाना यांच्यामध्ये बऱ्याचदा एकच भिंत असते, फार तर एक बोळ. भिंतीपलीकडचा यंत्रमाग मिनिटाला शे-दीडशे वेळा धोटा फेकतो, दर फेरीला तो समोरच्या पेटीत आपटून थांबतो, आणि असे दहा-वीस माग एकाच छपराखाली आपापल्या लयीत चालू असतात. छपराखालचा आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. भिंतीने त्यातला बराचसा अडवला तरी साठ-एक डेसिबल खोलीत उतरतो असं धरू. (ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, माग मात्र दोन पाळ्यांत चालतात.) अशा खोलीत बसून गिऱ्हाईक खोक्यावरचा आकडा वाचतं: १२० डेसिबल, १२४ डेसिबल. तो आकडा खरा असेलही, पण या खोलीत तो खर्च करायला जागा नाही.

हा आकडा म्हणजे कार्ड काढू शकतं तो सर्वांत मोठा आवाज आणि कार्डाची स्वतःची खरखर यांतलं अंतर. सीडीच्या १६ बिटांत हे अंतर सुमारे ९६ डेसिबल बसतं. मदरबोर्डवर फुकट मिळणारी रिअलटेकची साधी चिपसुद्धा आज नव्वदीच्या वर असते, आणि एएलसी १२२० या चिपसाठी कंपनी १२०चा दावा करते. आता खोलीचा हिशेब मांडा. सुखाने ऐकायची पातळी ८० धरली आणि खोलीत ६० आधीच भरलेले असले, तर हातात उरतात वीस. कान गोंगाटाखालचे स्वरही थोडेफार वेचतो, तेव्हा हे गणित ठोकळ आहे. पण ते दुप्पट केलं तरी शंभराच्या जवळ जात नाही. उलट बंद कपांचा हेडफोन किंवा कानात घट्ट बसणारा इअरफोन घेतला, तर बाहेरचा आवाजच कापला जातो. घट्ट बसलेला इअरफोन वीस डेसिबलपर्यंत कापू शकतो. मागाचा खालच्या पट्टीतला धडधडाट त्यातूनही थोडा झिरपतो, पण खटखट मागे पडते. हे काम कुठलंही कार्ड करत नाही. यात कानाच्या तब्येतीचाही प्रश्न आहे, कारण गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला ४० तास ऐकायचं तर सरासरी ८० डेसिबलच्या आत राहावं लागतं. ९० वर गेलात तर तीच मुभा चार तासांवर येते. एका रविवारच्या गेमिंगमध्ये ती संपते.

दुसरी चाचणी कॉम्प्युटर चालू करून, पण गाणं न लावता करायची. हेडफोन मागच्या जॅकमध्ये लावा, विंडोजचा आवाज पूर्ण वर न्या आणि माउस गोलगोल फिरवा. माउसबरोबर बारीक ‘झिर्र झिर्र’ ऐकू आली, पान सरकवताना तिचा सूर बदलला, गेम उघडताच ग्राफिक्स कार्डाची शीळ कानात आली, तर मदरबोर्डावरची विद्युत खरखर ध्वनीच्या वाटेत घुसते आहे. मग हीच चाचणी कॅबिनेटच्या पुढच्या जॅकवर करून पाहा. पुढच्या जॅकपर्यंत जाणारी बारीक वायर ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते, त्यामुळे पुष्कळदा पुढे शीळ आणि मागे शांतता असा निकाल लागतो. तसा लागला तर पैसे खिशातच ठेवा. आणि आवाज वाजताना मधूनच चर्र करून तुटत असेल, तर आधी जॅकमध्ये टॉर्च मारून बघा. या गावात हवेत कापसाचे तंतू असतात. ते जॅकच्या तळाशी दाबून बसतात आणि पिन पूर्ण आत जात नाही. पंख्याच्या पात्यांवर बसलेली तीच भुरकट धूळ साफ केली की कॅबिनेटचा घोंघाटही उतरतो.

तिसरी गोष्ट अर्थिंग. तक्रार ‘खरखर’ अशी सांगितली जाते, पण नीट ऐकलं तर पुष्कळदा ती एकसुरी ‘हुं’ असते. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हा सूर ५० किंवा १००चा असतो आणि तो बहुधा स्पीकरमध्येच ऐकू येतो. कॉम्प्युटर एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, आणि मध्ये ध्वनीची वायर. दोन्हींच्या अर्थमधला थोडासा फरक त्या वायरीतून वाहतो. दुकानात यावर नवं कार्ड सुचवलं जातं, पण कॅबिनेटमध्ये बसणारं कार्ड त्याच अर्थवर उभं असतं, आणि यूएसबीवरच्या बाहेरच्या डब्यातही यूएसबीच्या वायरीतून तोच अर्थ जातो. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर लावणं, किंवा ऑप्टिकल वायर वापरणं, हा खरा उपाय; त्या वायरीतून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. हेडफोन दुसऱ्या कुठल्याच अर्थला जोडलेला नसतो, म्हणून त्याला हा त्रास सहसा होत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लागली आणि झिणझिण्या आल्या, तर समजा की घरात अर्थिंगच नाही. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे असा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५च्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह क्षुल्लक असतो, पण लक्षण गंभीर आहे. तिथे साउंड कार्डवाला नको, वायरमन बोलवावा. ‘हुं’ घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकायची युक्ती कुणी सुचवली तर त्याचं बाकीचंही ऐकू नये.

गेमिंगवाले इथे हरकत घेतील: पाठीमागून येणारी पावलं ओळखायला ७.१चं कार्ड लागतंच. एके काळी हे खरं होतं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर १९८९ साली आलं तेव्हा अशा एखाद्या कार्डाशिवाय पीसी फक्त टिकटिक करायचा. १९९८च्या साउंड ब्लास्टर लाइव्हवर दालनाचा घुमारा, भिंतीआडचा आवाज हे हिशेब कार्डावरची चिप करत असे. पण २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने गेमला कार्डाच्या चिपपर्यंत नेणारी ती जुनी वाटच काढून टाकली. तेव्हापासून हा हिशेब प्रामुख्याने गेम स्वतः, प्रोसेसरवर करतो. काउंटर-स्ट्राइकच्या ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये २०१६ साली हेडफोनसाठी दिशा दाखवणारा ध्वनी आला, तोही सॉफ्टवेअरमधूनच. कानाला ध्वनी कुठल्या बाजूने किती उशिरा आणि कसा गाळून पोचतो, याचं गणित करून तो दोनच वाहिन्यांत उतरवला जातो. त्यावर कार्डाचं ‘व्हर्च्युअल ७.१’ पुन्हा चढवलं की गाळलेलं पुन्हा गाळलं जातं आणि पावलं सगळीकडूनच आल्यासारखी वाटतात. दोहोंपैकी एक बंद करावं. मी कार्डाचं बंद करेन. जुन्या कार्डांचा दबदबा मात्र अजून टिकून आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणी हौसेने जुनं पीसीआय कार्ड आणतं, आणि घरी आल्यावर कळतं की नव्या बोर्डावर ती खाचच नाही.

संगीतवाल्यांची हरकत २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झची. ऐकणारा बहुतेक वेळ यूट्यूब किंवा एखाद्या ॲपवरचं दाबून लहान केलेलं गाणं ऐकत असेल, तर त्या आकड्यांत ओतायला मालच नसतो. ज्या साउंड ब्लास्टर लाइव्हची आठवण आजही हळवेपणाने काढली जाते, ते ४४.१ किलोहर्ट्झची सीडी आत घेऊन आधी ४८ला बदलायचं आणि मगच वाजवायचं. ते ऐकून कुणाचं गाणं बिघडलं नाही.

तरीही कार्ड घ्यावं अशा जागा आहेत. कारखान्यापासून दूर, वरच्या मजल्यावरची शांत खोली असेल आणि माउसची चाचणी मागच्या जॅकवरही नापास झाली असेल, तर ध्वनीचं काम कॅबिनेटबाहेर नेणंच शहाणपणाचं. त्यासाठी मोठा डबा लागत नाही. हेडफोन जोडायची ॲपलची यूएसबी-सीची बोटभर वायर हजाराच्या आसपास मिळते आणि मोजमापात कितीतरी महागड्या कार्डांच्या पंगतीला बसते. ती ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला पुरते. अडीचशे-तीनशे ओहमचा हेडफोन असेल तर मात्र तिचा एक व्होल्ट अपुरा पडतो, आणि तिथे वेगळा ॲम्प्लिफायर असलेलं उपकरण न्याय्य ठरतं. हे ऑनलाइन मागवलेलं खोकं मानकोली-दापोड्याच्या गोदामांतून, म्हणजे घराच्या जवळूनच निघण्याचा संभवही भिवंडीत बराच.

वेगळं उपकरण हवंच, असं काम एकच: रेकॉर्डिंग. रॅप, कव्वाली किंवा भजन, काहीही ध्वनिमुद्रित करायचं तर मदरबोर्डाचा माइकचा जॅक हात टेकतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये लगेच ऐकू यायला हवा. विंडोजच्या नेहमीच्या वाटेने तो इतका मागे रेंगाळतो की गाणारा ताल सोडतो. स्टाइनबर्गच्या एएसआयओ पद्धतीचा ड्रायव्हर असलेला ऑडिओ इंटरफेस २५६ नमुन्यांच्या टप्प्यावर ४८ किलोहर्ट्झला प्रत्येक दिशेला साधारण ५.३ मिलिसेकंदांत काम भागवतो. इंटरफेसबरोबर अनेकजण कंडेन्सर माइक उचलतात, आणि इथे तीच चूक महागात पडते, कारण तो गाणाऱ्याइतक्याच निष्ठेने शेजारचा माग टिपतो. ओठांजवळ धरायचा डायनॅमिक माइक या गावाला जास्त मानवतो. पाठीमागे कोऱ्या कापडाचे तागे रचले तर खोलीचा घुमारा मरतो, आणि तागे इथे विकत आणायची गरज क्वचितच पडते. फरशीतून वर चढणारी मागाची धडधड ते अडवत नाहीत. तिच्यासाठी माइकच्या स्टँडखाली जाड स्पंज ठेवायचा आणि इंटरफेसवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये ऐंशी हर्ट्झच्या खालचं कापून टाकायचं.