सातासमुद्रांपलीकडचा संसार

गृहिणीवांचून घर नाहीं, असें आपण परंपरेनें मानीत आलों आहों. परंतु घर उभें राहावें म्हणूनच जिला घर सोडून जावें लागतें, तिच्या संसाराला काय म्हणावें? हा प्रश्न एखाद्या कुटुंबापुरता नसून एका सबंध राष्ट्रापुढें गेलीं पन्नास वर्षें उभा आहे. तें राष्ट्र म्हणजे फिलिपाईन्स. सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशाची वस्ती अकरा कोटींच्या आसपास आहे. तेथील सरकारी पाहणीप्रमाणें २०२३ सालीं २१ लाखांहून अधिक फिलिपिनो परदेशीं नोकरीस होते, आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. त्याच वर्षीं परदेशस्थ फिलिपिनोंनीं बँकांमार्फत घरीं पाठविलेली रक्कम ३,३०० कोटी डॉलरांहून अधिक भरली. या आंकड्यामागें किती चुली पेटतात आणि किती उशा भिजतात, याचा हिशेब मात्र कोणत्याही बँकेच्या वहींत सांपडावयाचा नाहीं.

या स्थलांतराचा इतिहास जुना आहे. १९०६ सालीं पंधरा फिलिपिनो मजूर हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांवर कामाला गेले; त्या वेळीं फिलिपाईन्सवर अमेरिकेचा अंमल होता. पुढें १९७३ सालीं तेलाचे भाव कडाडले, आखाती देशांत मोठमोठीं बांधकामें निघालीं, आणि इकडे फिलिपाईन्समध्यें तरुणांना काम मिळेना. तेव्हां अध्यक्ष मार्कोस यांच्या सरकारनें १९७४ सालीं कामगार-संहिता जारी केली व परदेशीं कामगार पाठविणें हा सरकारी धोरणाचाच भाग झाला. तात्पुरता म्हणून योजिलेला उपाय कायमचा होऊन बसला. आरंभीं जाणाऱ्यांत पुरुषांचा भरणा होता. पुढें घरकाम आणि रुग्णशुश्रूषा यांना मागणी वाढली, तशा स्त्रियाही मोठ्या संख्येनें निघाल्या. १९८८ सालीं हाँगकाँगमधील मोलकरणींपुढें बोलतांना अध्यक्षा कोराझॉन अक्विनो यांनीं त्यांना देशाचे नवे वीर म्हणून गौरविलें. गौरव यथार्थच होता. परंतु तेवढ्यानें घरीं तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं कोणी येऊन बसत नाहीं.

हाँगकाँगचेंच उदाहरण घेऊं. तेथें परदेशी घरकामगारांचा करार दोन वर्षांचा असतो. मालकाच्याच घरीं राहिलें पाहिजे असा नियम आहे. सात दिवसांत एक दिवस सुटीचा. करार मध्येंच संपला तर साधारणतः दोन आठवड्यांत तें शहर सोडावें लागतें. नवऱ्याला वा मुलांना राहावयास आणतां येत नाहीं. कितीही वर्षें राबलें तरी त्या सेवेच्या बळावर कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाहीं, असा निर्णय तेथील अंतिम न्यायालयानें २०१३ सालीं दिला. म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना न्हाऊं-माखूं घालणारी आई स्वतःच्या मुलांना करारांच्या फटींत भेटते! रविवारीं तेथील सेंट्रल नांवाच्या भागांत, उंच उंच पेढ्यांच्या सावलींत, पुठ्ठे अंथरून या स्त्रिया हजारोंनीं बसतात. एकत्र जेवतात, एकमेकींचे केस विंचरतात, घरीं बोलतात आणि घरीं धाडावयाचीं खोकीं भरतात.

या खोक्यांना 'बालिकबायन' खोकीं म्हणतात. बालिकबायन म्हणजे मायदेशीं परतणारा. साबण, डबाबंद मांस, चॉकोलेट, टॉवेल, बूट असें किडूकमिडूक त्यांत महिनोन्‌महिने सांठत जातें. ठराविक मर्यादेपर्यंत त्यांवरील जकात सरकारनें माफ केली आहे. बाहेरच्या माणसाला ही हौस वाटेल. पण मुलाचा पाय यंदां केवढा झाला हें बूट घेण्यापूर्वीं ज्या आईला विचारावें लागतें, तिला त्या खोक्याचें मोल वेगळें असतें.

संवादाचीं साधनें मात्र पालटत गेलीं. पूर्वीं पत्रें आणि बोलणें मुद्रित केलेल्या कॅसेटी जात. २००० सालाच्या सुमारास मोबाईलवरील लघुसंदेश आले. आतां पडद्यावर प्रत्यक्ष मुखदर्शन होतें. मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर या दोघां संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याविषयीं मार्मिक निरीक्षण आहे. या साधनांमुळें आपल्याला पुन्हां आई होतां आलें, असें मातांना वाटे. मुलांचें मत मात्र तितकें एकमुखी नव्हतें. कांहींना आधार वाटे, तर कांहींना दुरून चाललेली ती देखरेख जाचक होई. तरीही फोन ही चैन नव्हे. २०१८ सालीं कुवेतमध्यें एका फिलिपिनो मोलकरणीची हत्या उघडकीस आली, तेव्हां त्या देशाशीं झालेल्या करारांत पासपोर्ट मालकानें ठेवून घेऊं नये आणि कामगाराला स्वतःचा फोन बाळगतां यावा, अशीं कलमें घालावीं लागलीं.

आतां मुख्य प्रश्न: आई गेली कीं मागें घर कोण पाहतें? समाजशास्त्रज्ञ रासेल पारेन्यास यांनीं अशा घरांतील मुलांचा अभ्यास करून २००५ सालीं ग्रंथ लिहिला. त्यांना आढळलें तें असें कीं, आईच्या वांट्याचें काम बाप क्वचितच उचलतो. तें आजीवर, मावशी-आत्यांवर आणि थोरल्या मुलीवर येऊन पडतें. इतकेंच नव्हे, तर परदेशांतून मुलांच्या अभ्यासाची, दुखण्याखुपण्याची चौकशी करीत राहण्याची अपेक्षाही आईकडूनच असते.

याच देशांतील खलाशाची गोष्ट पाहा. तोही महिनोन्‌महिने समुद्रावर असतो. त्याच्या मूळ पगाराचा ८० टक्के भाग घरीं पाठविलाच पाहिजे, अशी त्याच्या करारांतच तरतूद असते. ती रक्कम पोंचली कीं बापानें कर्तव्य केलें, असें लोक म्हणतात. आईनें तितक्याच निष्ठेनें पैसे धाडले तरी 'मुलांना टाकून गेली' हा बोल तिच्या कपाळींचा चुकत नाहीं. अंतर तेंच, विरह तोच. मोजावयाचें माप तेवढें निराळें. आमच्या मतें या संसारांतील खरें शल्य समुद्राच्या रुंदींत नसून या दुटप्पी मापांत आहे.

आपल्या कोंकणालाही हें दुःख अगदींच परकें नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतून रत्नागिरीकडे मनीऑर्डरी जात आणि त्यांवर घरें चालत. त्या चाकरमान्याला मुलें टाकून गेल्याचा दोष कोणी दिला नाहीं. कारण शेत, गुरें, म्हातारीं माणसें आणि मुलें सांभाळणारी त्याची कारभारीण गांवीं होती. फिलिपाईन्समध्यें ती कारभारीणच निघून गेली, आणि तिची जागा घेण्यास पुरुष पुढें आला नाहीं, एवढाच काय तो फरक.

एकत्र कुटुंबाची आपण थोरवी गातों ती अशासाठीं कीं, एकाचा भार दहा जण वांटून घेतात. परंतु ते दहा जण कोण, हें कधीं मोजून पाहावें. आजारी माणसाजवळ कोण जागतें, मुलांचे धडे कोण घेतें, बाळाचीं लंगोटीं कोण धुतें? नोकरीनिमित्त घरांतील सून वा लेक आज दूरच्या शहरीं किंवा परदेशीं जाते, तेव्हां तिला पहिला प्रश्न येतो, 'मुलांचें काय?' प्रश्न रास्त आहे. पण तो जाणारीला एकटीलाच न विचारतां, घरीं राहणाऱ्या पुरुषांनाही विचारावा. त्यांनीं त्याचें उत्तर वागण्यानें दिलें, तर दूर गेलेल्या बाईच्या जिवाचा निम्मा घोर तेथेंच हलका होईल.