जमिनीखालचें तेल आणि वरचा शेतकरी

अमुक शेत अमक्याच्या मालकीचें आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तें किती खोलवर त्याचें असतें, हा प्रश्न सहसा आपल्या मनांत येत नाहीं. पीक, झाडें, बांध आणि विहीर एवढ्यावर आपली दृष्टि थांबते. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हजारों शेतकरी कुटुंबांचें दैव याच प्रश्नावर फिरलें आहे. कोणी त्यांत सावकार झाला, तर कोणाच्या हातीं नासलेली जमीन तेवढी उरली. जमिनीखालचें तेल काढण्याचा हक्क तेथील शेतकरी खंडानें देतो, त्या व्यवहाराची ओळख आज आपणांस करून देण्याचें योजिलें आहे.

प्रथम कायदा पाहूं. ब्रिटनमध्यें १९३४ च्या कायद्यानें भूगर्भांतील खनिज तेल राजसत्तेचें ठरलें. आपल्या महाराष्ट्रांत १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमानें खनिजांचा हक्क राज्यशासनाकडे राखून ठेविला आहे. सातबारा नांवावर असला म्हणून खालचें खनिज नांवावर होत नाहीं. अमेरिकेंत मात्र खासगी जमिनीचा मालक तोच सामान्यतः तिच्या पोटांतील खनिजांचाहि मालक असतो. त्याहून नवलाची गोष्ट ही कीं, ही मालकी आडवी चिरून तिचे दोन भाग करतां येतात. शेत विकणारा वरची माती देतो आणि खालचें खनिज आपल्या वंशजांसाठीं ठेवतो. १९१६ सालीं गुरें पाळणाऱ्या वसाहतवाल्यांना जमिनी देतांना तेथील संघ सरकारनेंहि असेंच केलें. टेक्सस संस्थानांत तर खनिजाचा हक्क वरचढ मानला जातो. खनिजाच्या धन्यास तें काढण्यापुरता वरच्या जमिनीचा वाजवी उपयोग करतां येतो. यामुळें ह्यूस्टन किंवा डॅलसच्या बाजूस घर घेणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनीं खरेदीखत वाचतांना खनिजें आपल्याकडे येत आहेत कीं पूर्वींच्या धन्याकडे राहत आहेत, हें अवश्य पाहावें.

तेल हें कोळशासारखें एका जागीं बसून राहणारें द्रव्य नव्हे. खडकाच्या बारीक छिद्रांतून तें दाब कमी असेल तिकडे सरकतें. एडविन ड्रेक यानें २७ ऑगस्ट १८५९ रोजीं पेनसिल्व्हेनियांत टायटसव्हिलजवळ सुमारें ७० फुटांवर तेल काढलें, आणि थोड्याच काळांत शेजाऱ्याशेजाऱ्यांचे तंटे न्यायालयांत गेले. त्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें १८८९ सालीं तेल व वायु यांना रानटी जनावराची उपमा दिली. जनावर आपल्या रानांत आहे तोंवर आपलें. शेजारच्या रानांत शिरून तेथें पकडलें गेलें, तर तें पकडणाऱ्याचें! या न्यायामुळें शेजाऱ्यानें विहीर खोदली कीं आपणहि खोदणें भाग पडूं लागलें.

त्याचा परिणाम पूर्व टेक्ससमध्यें दिसून आला. जॉयनर नांवाच्या वृद्ध उद्योजकानें ऑक्टोबर १९३० मध्यें एका शेतकरीण बाईच्या जमिनींत तेल काढलें. त्यानें आपल्या पट्ट्यांतील हिस्से इतक्या लोकांस विकले होते कीं, सर्वांची बेरीज पुऱ्या मालापेक्षां पुष्कळ अधिक भरत होती. पुढें चहूंकडे विहिरींची अशी दाटी झाली कीं, १९३१ सालीं पिंपाचा भाव डॉलराच्या आसपासचा घसरून दहा-पंधरा सेंटांवर आला, आणि गव्हर्नरास विहिरी बंद करण्यासाठीं सैनिक पाठवावे लागले. दोन विहिरींत अंतर किती असावें व अनेक शेतांचा एक गट कसा करावा, याविषयींचे नियम अशा अनुभवांतून दृढ झाले.

आतां प्रत्यक्ष करारपत्राकडे वळूं. कंपनीचा माणूस प्रथम जिल्ह्याच्या दप्तरखान्यांत जातो आणि खनिजाचा खरा मालक कोण, हें जुन्या दस्तऐवजांतून शोधतो. मगच तो शेतकऱ्याच्या दारीं येतो. असतील शितें तर जमतील भुतें, या न्यायानें कधीं कधीं एकाच आठवड्यांत तीन कंपन्यांचीं माणसें येतात. त्यांच्या कागदांत तीन गोष्टी मुख्य असतात.

पहिली नजराण्याची. सही करतांच एकरीं अमुक डॉलर रोख मिळतात. तेल लागो न लागो, ही रक्कम परत जात नाहीं. म्हणून भोळा मनुष्य तिच्यावरच भुलतो.

दुसरी मुदतीची. मूळ मुदत बहुधा तीन ते पांच वर्षांची असते. परंतु पुढें ‘आणि त्यानंतर तेल अथवा वायु निघत राहील तोंवर’ असे शब्द येतात. सगळें मर्म येथें आहे. शेताच्या एका कोपऱ्यांत एखादी विहीर थेंबथेंब वाहत असली, तरी तेवढ्यावर सबंध शेत पिढ्यान् पिढ्या कंपनीकडे अडकूं शकतें. यावर लुइझियानांतील पग नांवाच्या वकिलानें १९४७ सालीं उपाय काढला. मूळ मुदत संपल्यावर, विहिरीच्या गटांत न आलेली जमीन मोकळी व्हावी, असें कलम त्यानें घातलें. तें आजहि त्याच्या नांवानें ओळखलें जातें.

तिसरी गोष्ट वांट्याची. जुना रिवाज आठव्या हिश्शाचा. पेनसिल्व्हेनियांत १९७९ च्या कायद्यानें याहून कमी देतां येत नाहीं. भरपूर तेलाच्या मुलुखांत आतां पांचवा किंवा चौथा हिस्साहि मिळतो. परंतु वांटा कशावर काढावयाचा, हेंहि पाहिलें पाहिजे. वायु स्वच्छ करणें, दाबणें व वाहून नेणें यांचा खर्च आधीं वजा करतां येतो, असा निर्णय पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं दिला. म्हणून ‘खर्च वजा न करतां’ हे चार शब्द करारांत असणें फार मोलाचें आहे.

मी आयुष्यभर मुलांना अपूर्णांक शिकविले. येथेंहि एक हिशेब मांडून पाहूं. समजा, एका विहिरीसाठीं ६४० एकरांचा गट पाडला आणि त्यांत आपल्या शेतकऱ्याचे ८० एकर आले, म्हणजे गटाचा आठवा भाग. करारांतील वांटा आठवा. आठव्याचा आठवा म्हणजे चौसष्टावा हिस्सा त्याच्या पदरीं पडणार. विहिरींतून रोज १०० पिंपें तेल निघालें व पिंपास ६० डॉलर भाव मिळाला, तर ६,००० डॉलरांपैकीं त्यास ९३ डॉलर ७५ सेंट मिळतील. पांचवा वांटा लिहून घेतला असता, तर हाच आंकडा १५० डॉलर झाला असता. करारांतल्या एका अपूर्णांकानें रोज ५६ डॉलर २५ सेंटांचा फरक पडतो!

आणि ही प्राप्ति स्थिर नसते. नॉर्थ डाकोटांतील बाकेन यासारख्या घट्ट खडकांत आडवी विहीर मैल-दोन मैल नेऊन तेल काढतात. अशा विहिरीचें उत्पन्न पहिल्या वर्षांतच बहुधा निम्म्याहून अधिक घटतें. शिवाय, पट्टा झाला म्हणजे विहीर होतेच असें नाहीं, आणि विहीर झाली म्हणजे तेल लागतेंच असेंहि नाहीं. तेल तयार करणारा खडक, तें सांठविणारा खडक आणि वरून झांकण घालणारा खडक, या तिहींचा योग जुळावा लागतो. एवढ्यासाठीं कंपन्या मोठा मुलूख आधीं पट्ट्यानें घेऊन ठेवतात आणि खोदतात थोड्याच जागीं. पहिल्या हप्त्याच्या आशेवर कर्ज काढणें म्हणजे बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी, असाच प्रकार होय.

संपत्ति आली तरी ती सुखरूप हातीं राहते असें नाहीं. ओक्लाहोमांतील ओसेज या आदिवासी जमातीनें १९०६ च्या कायद्यानें वरची जमीन वांटून घेतली. खालचीं खनिजें मात्र सामाईक राखून त्यांचे २,२२९ हिस्से केले. तेलानें ते लोक श्रीमंत झाले. पण सरकारनें त्यांच्यापैकीं अनेकांवर परके पालक नेमले, पैसा लुबाडला गेला, आणि १९२० नंतरच्या वर्षांत हिश्शांचा वारसा मिळविण्यासाठीं त्यांचे खून पाडण्यांत आले. अखेर १९२५ सालीं परक्यांच्या वारशास कायद्यानें बंधन घालावें लागलें.

तात्पर्य काय, तर दारीं कागद आला असतां त्याच दिवशीं सही करूं नये. तेलाच्या कायद्याचा जाणता वकील आपल्या पैशानें गांठावा, शेजाऱ्यांना काय दर मिळाला तें विचारावें, आणि शक्य तर सर्वांनीं मिळून बोलणी करावी. घर व पिण्याच्या पाण्याची विहीर यांपासून किती अंतरावर खोदावें, खारें पाणी कोठें न्यावें, काम संपल्यावर जमीन पूर्ववत् कोणी करावी, हें सारें लेखी असावें. तेल कांहीं वर्षांनीं आटतें. जमीन मात्र नातवंडांना कसावयाची असते.