लाखमोलाची तबकडी

वाचकहो, जुन्या फोनोच्या तबकड्या कशाच्या करीत, ठाऊक आहे? लाखेच्या! आणि लाख म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडचे जुने रानधन. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बारीक किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून चपडा लाख होते. तीत दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढीत.

लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ सालची. १९०२ मध्ये तिचे गेसबर्गसाहेब कलकत्त्यास आले, त्यांनी गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या मात्र जर्मनीत, हॅनोव्हरला निघाल्या! कलकत्त्यात कारखाना आला तो १९०८ साली. पुढे तो दमदमला गेला.

साकोलीकडे माझ्या आजोळी फोनो होता. रानातून लाख आणणारी माणसे ओसरीवर टेकली, की आजोबा हटकून एक तबकडी लावीत. "तुमच्याच लाखेतून गाते आहे बरं ही!" एकदा एका म्हातारीने विचारले, "मंग यावर नाव कोनाचं हाय जी?" आजोबांनी वाचून दाखविले : गायिका, कंपनी, क्रमांक. पुढे वाचायला काही नव्हते. ते गप्प झाले.

पुढे प्लॅस्टिकच्या तबकड्या आल्या आणि लाखेची गरज सरली. इथली भारतीय कंपनीही २००० साली 'सारेगामा' झाली. माळ्यावर एखादी जुनी तबकडी असेल, तर ती भंगारात घालू नका. नाव नसले, तरी कुणाचे तरी कष्ट तीत आहेत.